चौऱ्याहत्तर तासांवर कोणी का चिडले नाही?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले आणि देशभर वादळ उठले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे विधान समोर आले आणि तोच वाद आणखी मोठ्या आवाजात झाला. या दोन्हींच्या मधल्या काळात, ऑगस्ट २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कृती दलाचा अहवाल आला. निवासी डॉक्टरांना, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना, आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, एक साप्ताहिक सुटी द्यावी आणि रोज सात-आठ तास झोप मिळेल असे पाहावे, अशी शिफारस त्यात होती. ज्या आकड्याने संगणक क्षेत्रातले तरुण संतापले, त्याहून मोठा आकडा रुग्णालयातल्या तरुणांसाठी दिलासा म्हणून सुचवला गेला, आणि त्यावर कोणी आवाज चढवल्याचे मला आठवत नाही.

बर्नआउटविषयीचा, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून पिचून जाण्याविषयीचा, आपला वाद मुळात चुकीच्या जागी चालला आहे, असे मला वाटते. एक बाजू म्हणते की आजची पिढी नाजूक आहे, तिला कष्टांची सवय नाही. दुसरी बाजू म्हणते की स्वतःला जपा, नाही म्हणायला शिका, ध्यान करा. या बाजू एकमेकींच्या विरोधात वाटतात, पण दोघींनी एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे, ती म्हणजे बिघाड माणसात आहे आणि दुरुस्तीही माणसाचीच करायची आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. सरकारी रुग्णालयांत जितकी माणसे नेमायला हवीत तितकी नेमली जात नाहीत आणि उरलेले काम पंचवीस-सव्वीस वर्षांच्या डॉक्टरांच्या झोपेतून वसूल केले जाते. हा हिशेब जोवर बदलत नाही तोवर समुपदेशनाचे कितीही तास ठेवले तरी बर्नआउट हटणार नाही. निवासी डॉक्टरांचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण जास्त काम करून घेण्याच्या बाजूने सर्वात सबळ कारणे इथेच आहेत. इथे दाराशी उभा असलेला रुग्ण खरा असतो आणि त्याला परत पाठवता येत नाही. इथेही जर ती कारणे टिकत नसतील, तर कार्यालयांतल्या मुदतींच्या नावाखाली दिली जाणारी कारणे टिकण्याचा प्रश्नच उरत नाही.

बर्नआउट ही संकल्पना वैद्यकीय सेवेतच जन्माला आली, हे बहुतेकांना ठाऊक नसते. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात मानसोपचाराचे काम करणारे हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर दिवसा स्वतःचा व्यवसाय सांभाळून रात्री उशिरापर्यंत तिथे काम करत. आपल्याबरोबरचे ध्येयवादी स्वयंसेवक काही महिन्यांत चिडचिडे, कडवट आणि रुग्णांविषयी उदासीन होताना त्यांनी पाहिले, स्वतःतही तेच पाहिले आणि १९७४ मध्ये त्यावर लिहिले. या अवस्थेचा धोका कामचुकारांना नसून तळमळीने काम करणाऱ्यांनाच अधिक असतो, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाला माणूस म्हणून पाहणे थांबणे आणि आपण करतो त्याला काही अर्थ नाही ही भावना, अशी तिची तीन अंगे आजही मानली जातात.

वॉर्डात ती कशी दिसतात, हे सांगितल्याशिवाय ओळखण्याची गोष्ट पुरी होत नाही. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर जून महिन्यात रुग्णाचे नाव, गाव, घरी कोण आहे हे सगळे विचारतो. डिसेंबरपर्यंत तोच रुग्ण ‘अकरा नंबरचे लिव्हर’ होतो. नातेवाइकाने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला की अंगावर ओरडले जाते, आणि नंतर त्याची लाजही वाटेनाशी होते. रात्री तीन वाजता एखादा रुग्ण दगावतो तेव्हा मनात पहिला विचार एक खाट रिकामी झाल्याचा येतो, आणि ज्याच्या मनात तो येतो तो हादरून जातो. सुटीच्या दिवशी झोपूनही थकवा जात नाही. पुस्तक उघडले तरी एक पान पुढे सरकत नाही. ‘मी डॉक्टर होतोय की कारकून’ हा प्रश्न आधी चेष्टेत विचारला जातो, मग चेष्टा संपते आणि प्रश्न तसाच राहतो. यातले काहीच आळसाचे लक्षण नाही. उलट, एका विशिष्ट भारापलीकडे माणूस स्वतःला वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या दुःखापासून अंतर घेऊ लागतो, आणि त्याची किंमत रुग्णही मोजतो.

एक आक्षेप इथेच मान्य करायला हवा. बर्नआउट हा शब्द फार सैल झाला आहे आणि साध्या कंटाळ्यालाही तो लावला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या अकराव्या आजार-वर्गीकरणात त्याची नोंद केली, पण आजार म्हणून केली नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. काही जण या नोंदीचा अर्थ ‘म्हणजे हा आजारच नाही’ असा लावून विषय मिटवतात. मला तिचा अर्थ नेमका उलटा दिसतो. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही, हेच जर या स्थितीचे कारण म्हणून नोंदवले गेले असेल, तर तिच्या उपायाचा पत्ताही कामाच्या ठिकाणचाच असणार.

दोन गोष्टी मात्र यापासून वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण गल्लत झाली तर जीव जाऊ शकतो. नैराश्य हे बर्नआउट नव्हे. काम बाजूला ठेवल्यावरही, घरी आईवडिलांजवळ बसूनही सगळे निरर्थक वाटत असेल, जगू नये असे विचार येत असतील, तर तो उपचारांचा विषय आहे आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात गेले पाहिजे. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि डॉक्टर असल्याने तो वापरण्यात कमीपणा काहीच नाही. दुसरी गोष्ट छळाची. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात आदिवासी समाजातल्या एका निवासी डॉक्टर तरुणीने जीवन संपवले, जातीवरून छळ झाल्याचे आरोप झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. अशा वेळी ‘कामाचा ताण’ हे शब्द वापरून छळाचा आरोप झाकला जाऊ नये. ताण सर्वांवर असतो. पण रात्रीच्या ड्युट्या कोणाच्या माथी जास्त मारल्या जातात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापासून कोणाला दूर ठेवले जाते, हे पाहिले की तो सर्वांवर सारखा नसतो हे कळते.

आता ज्येष्ठांचा युक्तिवाद. ‘आम्हीही ३६ तासांच्या ड्युट्या केल्या, त्यातूनच घडलो.’ हे खरे आहे. सरकारी रुग्णालयांत तावून सुलाखून निघालेल्या पिढ्यांनी या राज्याला उत्तम डॉक्टर दिले आहेत, त्यांच्या हातांनी हजारो माणसे वाचली आहेत, आणि त्यांच्या कष्टांविषयी अनादर मनात ठेवून हा विषय मांडता येणार नाही. पण जे घडले ते आज बोलायला आहेत. ज्यांनी मध्येच जागा सोडली, ज्यांना व्यसन लागले, ज्यांनी स्वतःला संपवले, त्यांची साक्ष या वादात कोण देणार? आणि ही पद्धत आली कुठून? डॉक्टरने रुग्णालयातच राहावे आणि रात्रंदिवस उपलब्ध असावे, ही आधुनिक निवासी प्रशिक्षणाची घडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी बसवली. हॉल्स्टेड थोर शल्यविशारद होते यात शंका नाही. पण स्थानिक भुलीसाठी कोकेनचे प्रयोग स्वतःवर करताना त्यांना त्याचे व्यसन लागले आणि नंतर मॉर्फिनचे, आणि ते आयुष्यभर त्यांच्या मागे राहिले. एका माणसाच्या अशा आयुष्यातून घडलेली शिस्त आपण निसर्गनियम मानावी, याला आधार काय?

सर्वात सबळ आक्षेप प्रशिक्षणाचा आहे आणि तो मला गांभीर्याने घ्यावासा वाटतो. शस्त्रक्रिया पुस्तकातून येत नाही, हाताने करूनच येते. रात्री दाखल झालेला रुग्ण पहाटेपर्यंत कसा बिघडतो किंवा सावरतो, हे पाहण्यासाठी तिथे असावे लागते. शिवाय पाळ्या लहान केल्या की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो आणि प्रत्येक हस्तांतरात काहीतरी सांगायचे राहून जाते. अमेरिकेत या प्रश्नावर मोठे अभ्यास झाले. शल्यविभागांतला २०१६ चा आणि औषधवैद्यक विभागांतला २०१९ चा, अशा दोन्ही अभ्यासांत पाळीच्या लांबीवरची बंधने सैल केल्याने रुग्णांचे मृत्यू वाढल्याचे दिसले नाही. लांब पाळ्यांचे समर्थक हे निष्कर्ष पुढे करतात आणि ते करण्याचा त्यांना हक्क आहे.

मात्र त्याच अभ्यासांतली दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तिथे सैल बंधनांच्या गटालाही आठवड्याला ८० तासांची कमाल मर्यादा लागू होती, आणि औषधवैद्यकाच्या अभ्यासात त्या गटातले पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर स्वतःच्या एकूण स्वास्थ्याबाबत अधिक असमाधानी होते. आपल्याकडे सलग ३६ तास आणि आठवड्याला ९०-१०० तास असे काम चालते, त्याचे समर्थन त्या अभ्यासांतून निघत नाही. उलट २००४ मध्ये बॉस्टनच्या अतिदक्षता विभागात झालेल्या प्रयोगात, चोवीस तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या डॉक्टरांच्या हातून, पाळ्या कमी केलेल्या डॉक्टरांच्या तुलनेत ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्या होत्या. सलग चोवीस तास जागलेल्या माणसाच्या हाताचा आणि नजरेचा मेळ रक्तात ०.१० टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढासळतो, हे १९९७ पासून ठाऊक आहे. भारतात गाडी चालवण्यासाठी मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेच्या निम्म्यावरही आपण कोणाला गाडी चालवू देत नाही, त्या अवस्थेत आपण एका डॉक्टरला लहान बाळाच्या इंजेक्शनचा डोस काढायला सांगतो. हस्तांतरातल्या चुकांचा उपायही उपलब्ध आहे. रुग्ण सोपवताना काय आणि कोणत्या क्रमाने सांगायचे याची ठरलेली पद्धत शिकवली की टाळता येण्याजोगे अपाय सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, असे अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोग विभागांत २०१४ मध्ये दिसून आले. तेव्हा नीट सोपवायला शिकवणे हेही प्रशिक्षणच आहे.

शिवाय त्या ९०-१०० तासांत प्रशिक्षण किती असते, हा प्रश्न कोणी विचारतो का? पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा दिवस जवळून पाहावा. पहाटे उठून सगळ्या वॉर्डाची रक्ते काढायची. राउंडच्या आधी प्रयोगशाळेतून रिपोर्ट गोळा करायचे, कारण आणणारे कोणी नसते. मामा, म्हणजे वॉर्डातले शिपाई, रजेवर असतील किंवा दोन वॉर्डांत मिळून एकच असतील, तर रुग्णाची ट्रॉली ढकलत सीटी स्कॅनला न्यायची. रक्तपेढीच्या खिडकीवर पिशवीसाठी उभे राहायचे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी फोटो आणि कागद चढवायचे. इमर्जन्सीच्या दिवशी हे सगळे करून रात्रभर नवे रुग्ण दाखल करून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओपीडीत बसायचे. यातले कोणते काम शल्यविशारद घडवते? तास कमी केले तर शिकणे कमी होईल, असे म्हणणाऱ्यांनी आधी न शिकवणारे तास मोजावेत. रक्त काढणारे तंत्रज्ञ, पुरेसे मामा-मावशी, पुरेशा सिस्टर आणि योजनेचे कागद पाहणारा कारकून एवढी माणसे दिली, तर शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळचा एक तासही न कापता आठवड्याचे तास मोठ्या प्रमाणात कमी होतील, अशी माझी ठाम समजूत आहे.

मग शेवटचा आक्षेप येतो की रुग्ण कोण पाहणार. केईएम, सायन, जे. जे., ससून, नागपूरचे मेडिकल इथे रांगा थांबत नाहीत आणि पैसा मर्यादित आहे. हा आक्षेप खोटा नाही, पण तो नवाही नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ५,५०० सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले. त्यात मागण्या होत्या त्या दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. तेव्हाही धंद्याला हे परवडणार नाही, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांच्या स्पर्धेत आपण बुडू, असे सांगितले गेले. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तिच्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जूनपासून रविवारची सुटी मिळाली. गिरणधंदा त्यानंतरची कित्येक वर्षे वाढतच राहिला. कोणी म्हणेल की कापड थांबू शकते, रुग्ण थांबू शकत नाही. पण पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतले कामही थांबू शकत नव्हते. तिथे १९१५ मध्ये नेमलेल्या समितीने, ऐन युद्धात, रविवारचे काम आणि अति लांब तास बंद करावेत असे सांगितले, कारण थकलेले हात तास वाढवूनही माल वाढवत नव्हते.

आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. १९९२ मध्ये केंद्राने आखलेल्या निवासी योजनेत सलग काम सर्वसाधारणपणे बारा तासांपेक्षा आणि आठवड्याचे काम ४८ तासांपेक्षा जास्त असू नये असे लिहिलेले आहे. बत्तीस वर्षांनी आलेली ७४ तासांची शिफारस त्याहून २६ तासांनी मागे गेलेली आहे, आणि तीही पाळली जावी यासाठी झगडावे लागते आहे. नुसता नियम करून काय होते, हे न्यूयॉर्कने दाखवले. १९८४ मध्ये लिबी झायॉन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली, तिच्या पत्रकार वडिलांनी थकलेल्या डॉक्टरांचा प्रश्न लावून धरला आणि १९८९ मध्ये त्या राज्यात ८० तासांची मर्यादा आली. १९९८ मध्ये अचानक तपासण्या झाल्या तेव्हा ती सर्रास मोडली जात असल्याचे आढळले. आपल्याकडचे ताजे उदाहरण वैमानिकांचे आहे. त्यांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे लागू झाले, देशातल्या सर्वात मोठ्या विमान कंपनीकडे त्या नियमांत बसण्याइतके वैमानिक सज्ज नव्हते, डिसेंबरमध्ये हजारो उड्डाणे रद्द झाली आणि अखेर नियमांनाच तात्पुरती सूट द्यावी लागली. विश्रांतीचा नियम म्हणजे प्रत्यक्षात भरतीचा नियम असतो, हे तिथे उघड झाले.

निवासी डॉक्टरांना हे कधीचे समजले आहे. जानेवारी २०२३ मध्ये मार्डने, म्हणजे राज्यातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने, संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करावीत आणि वसतिगृहे सुधारावीत या मागण्या होत्या. ध्यानवर्ग कोणी मागितले नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जी भीषण घटना घडली, तिथली डॉक्टर लांबलेल्या ड्युटीनंतर सेमिनार हॉलमध्ये आडवी झाली होती. त्यानंतर देश सुरक्षारक्षक आणि कॅमेऱ्यांविषयी बोलला, जे आवश्यकच होते. सर्वोच्च न्यायालयाने ३६ तासांच्या पाळ्यांविषयीही चिंता व्यक्त केली होती, पण तो धागा सार्वजनिक चर्चेत मागे पडला.

व्यक्तीने काहीच करू नये असे माझे म्हणणे नाही. इमर्जन्सीनंतर गाडी न चालवणे, रात्रीचा डोस दुसऱ्याकडून तपासून घेणे, सहकाऱ्याचा स्वभाव बदलताना दिसला तर त्याला एकटे न सोडणे, या गोष्टी जीव वाचवतात. पण ज्याला सुटी मागितली तर सीनियरचा रोष पत्करावा लागतो आणि जागा सोडायची तर बाँडचा, म्हणजे करारनाम्याचा, दंड भरावा लागतो, त्याला ‘नाही म्हणायला शिका’ असे सांगणे अन्यायाचे आहे. जागा सोडण्यावरचा दंड रद्द करावा, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेच जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना सुचवले होते. ते राज्यांनी मानावे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने दर महिन्याचे विभागवार ड्युटीपत्रक जाहीर करावे, आणि त्यात मर्यादा ओलांडली गेली तर त्याचे उत्तर विभागप्रमुखांबरोबर अधिष्ठात्यांनाही द्यावे लागावे. पदे भरायला वेळ लागेल, अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागेल. एक गोष्ट मात्र कोणत्याही युनिटप्रमुखाला उद्यापासून करता येईल आणि तिला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. रात्रभर जागलेल्या निवासी डॉक्टरने सकाळच्या राउंडवर रुग्ण सोपवले की त्याला त्या दिवशीच्या ओपीडीत बसवू नये, झोपायला पाठवावे.